प्राण्यांच्या कॉर्नियातून पेशी काढून तो माणसाच्या डोळ्यात बसवणं : कुठवर आलंय हे?

आर्या_ह

मागच्या आठवड्यात नेत्रदानाच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की आता डुकराचा कॉर्निया बसवतात म्हणे, त्यामुळे थोड्या वर्षांत नेत्रदानाची गरजच उरणार नाही. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी बायोमटेरियल्समध्ये काम करते, डोळ्यांची डॉक्टर नाही, तेव्हा ऑपरेशनबद्दल इथले डॉक्टर जे सांगतील ते माझ्यापेक्षा जास्त धरा.

आधी थोडं बेसिक. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक थर, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात वरच्या बाजूला एपिथेलियम, मधे स्ट्रोमा आणि आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचा पेशींचा एकच थर. जाडीतला जवळपास ९० टक्के भाग एकटा स्ट्रोमाच असतो आणि तो बहुतेक सगळा कोलॅजनचा. कोलॅजनचे बारीक तंतू एकमेकांपासून सारख्या अंतरावर रचलेले असतात म्हणून तो पारदर्शक दिसतो. तीच रचना बिघडली की तो पांढरा पडतो, आपण म्हणतो डोळ्यात फूल पडलं.

डुकराच्या कॉर्नियातलं कोलॅजन आणि त्याची रचना आपल्याशी बरीच मिळतीजुळती असते. शरीराला खटकतात त्या डुकराच्या पेशी, आणि त्यांच्यावर असणारी अल्फा-गॅल नावाची साखर. आपल्या शरीरात ती साखर नसते आणि तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडी मात्र आपल्या रक्तात आधीपासून तयार असतात. मग असं करायचं की पेशी, त्यांचा डीएनए सगळं धुऊन काढायचं आणि कोलॅजनचा सांगाडा तेवढा ठेवायचा. भाडेकरू बाहेर काढले, घर तसंच उभं, आता त्यात आपल्याच डोळ्यातल्या पेशी हळूहळू राहायला येणार. याला डीसेल्युलरायझेशन म्हणतात.

हे नुसतं लॅबपुरतं राहिलेलं नाही. चीनमधे २०१५ मधेच अशा डुकराच्या स्ट्रोमाला सरकारी मंजुरी मिळाली आणि तो बाजारातही आला. आणि त्यांनी मोठी ट्रायल कुणावर केली माहितीये का, बुरशीमुळे डोळ्यात अल्सर झालेल्या ४७ पेशंटवर. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बुरशीचा अल्सर हा शेतात काम करणाऱ्यांचा आजार आहे आणि त्यात ऑपरेशनची वेळ आली की कॉर्निया आत्ता लागतो, यादीत नंबर लागेपर्यंत डोळा थांबत नाही. कपाटात ठेवलेला, कधीही काढून वापरता येणारा टिश्यू कुठे उपयोगी पडेल तर तो इथे.

पण गरज संपली वगैरे काही नाही, त्याचं कारण आहे एंडोथेलियम. खाली विचारा, सांगते.


कृष्णाकाठ

ताई बरं झालं हा विषय काढला. आमच्या आण्णांना हेच झालेलं. वाळवा तालुक्यात आहे आम्ही, ऊस पट्टा सगळा. तोडणीच्या वेळेला उसाचं पान सपकन डोळ्याला लागलं, त्या दिवशी नुसतं खुपतंय म्हणाले आणि कामाला गेले. दुसऱ्या दिवशी लाल. मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिला, त्यानं दोन दिवस लाली कमी वाटली आणि मग एकदम वाढलं, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. पुढच्या डॉक्टरांनी बाटली बघितल्या बघितल्या सांगितलं की यात स्टेरॉइड आहे, ताबडतोब बंद करा, बुरशीला हे खाद्य मिळाल्यासारखं होतं.

मग पातं घेऊन तो ठिपका खरवडला, काचेवर घेतला, अर्ध्या तासात सांगितलं बुरशी आहे. नाटामायसिनचा ड्रॉप दर तासाला, रात्रीसुद्धा. ती बाटली प्रत्येक वेळी जोरात हलवायला लागते नाहीतर औषध तळाला बसतं आणि नुसतं पाणी डोळ्यात जातं, आणि पापणीवर पांढरा थर साचतो तो ओल्या कापसानं पुसायचा. आई आणि मी पाळीनं जागायचो. तरीपण जखम खोल गेलीच. शेवटी कॉर्निया बदलायचा ठरला तेव्हा पेढीत त्या दिवशी नव्हता. आला नंतर, ऑपरेशन झालं, डोळा वाचला पण नजर बोटं मोजण्यापुरतीच राहिली.

माझा साधा प्रश्न आहे, हे जे चीनमधे मिळतं ते त्या दिवशी इथं असतं तर आण्णांचा फायदा झाला असता का?


स्वाती_ब

माझ्या मुलाला केराटोकोनस आहे (कॉर्निया पातळ होऊन पुढे टोकदार येतो तो आजार), वय १९. एका डोळ्याचं सी३आर, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचं क्रॉसलिंकिंग, झालंय. कुठेतरी वाचलं की डुकराच्या कातडीपासून बनवलेला कॉर्निया भारतात एम्समधे बसवला आणि आंधळ्या पेशंटना दिसायला लागलं. आर्या म्हणतेय ते हेच का वेगळं?


नेत्रतज्ज्ञ_नाशिक

चांगला धागा. कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, दर हंगामात अशा केसेस आम्ही बघतो. ऊस, भात, कापूस, मका, पीक कुठलंही असो, गोष्ट तीच. आणि तो स्टेरॉइडचा ड्रॉप पण तोच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की ते जखम किती खोल होती त्यावर ठरलं असतं. चीनचा तो स्ट्रोमा लॅमेलर ऑपरेशनसाठी आहे, म्हणजे कॉर्नियाचे वरचे खराब झालेले थर कापून काढायचे, आतला डेसिमेट मेंब्रेन (एंडोथेलियमलगतचा पातळ पडदा) आणि एंडोथेलियम पेशंटचंच ठेवायचं आणि वर हा तुकडा शिवायचा. बुरशी आतपर्यंत पोचली असेल किंवा भोक पडलं असेल तर याचा उपयोग नाही, तिथे पूर्ण जाडीचा कॉर्निया लागतो आणि तो माणसाचाच. म्हणजे फायदा आहे तो मधल्या टप्प्यावर, औषधाने आवरत नाहीये पण अजून फुटलेलं नाही, तेव्हा. बुरशीच्या अल्सरमधे हा टप्पा फार लवकर निघून जातो आणि आमच्याकडे निम्मे पेशंट तो ओलांडूनच येतात.

दुसरं म्हणजे, आर्याताई, कपाटात ठेवायचा टिश्यू आपल्याकडे अगदीच नाही असं नाही हं. ग्लिसरीनमधे ठेवलेले मानवी कॉर्निया इमर्जन्सीला आम्ही वापरतो. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, दृष्टीसाठी उपयोग नाही पण डोळा वाचवायला चालतात. छोटं भोक असेल तर सायनोअॅक्रिलेट ग्लू लावून वर बँडेज लेन्स ठेवतो, त्यावरही वेळ निभावते. त्यामुळे डुकराचा टिश्यू नव्हता म्हणून डोळा गेला असं सरसकट म्हणता येणार नाही. बहुतेक वेळा पेशंट उशिरा आला म्हणून जातो.


आर्या_ह

सर, उशिराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ग्लिसरीनचा कॉर्नियासुद्धा कुणीतरी नेत्रदान केलं म्हणूनच मिळतो ना. जिथे पेढी लांब आहे, दान कमी आहे, तिथे तोही नसतो. जगभराचा एक सर्व्हे २०१६ मधे छापून आला होता, त्यात १ कोटी २७ लाख लोक कॉर्नियासाठी थांबलेत आणि ७० जणांना लागतो तेव्हा एक उपलब्ध असतो असा हिशोब होता. आणि मी हे अल्सर लवकर सापडलेल्यांसाठीच म्हणतेय. सर्जनला माहीत असेल की टिश्यू हाताशी आहे तर तो तिसऱ्या दिवशी ऑपरेशनचा निर्णय घेईल, नसेल तर औषधावर आठवडा काढेल, आणि तो आठवडाच तुम्ही म्हणताय तो टप्पा खाऊन टाकतो.

स्वाती, तू वाचलंस ते वेगळं आहे आणि बातम्यांत या दोन्हींची सतत सरमिसळ होते. ते काम स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातलं, नील लगाली आणि मेहरदाद रफत यांचं, २०२२ च्या ऑगस्टमधे छापलं गेलं. त्यात डुकराचा कॉर्निया वापरलेलाच नाही. डुकराच्या कातडीतून कोलॅजन काढून, शुद्ध करून, त्याला रसायनं आणि उजेड वापरून दोनदा क्रॉसलिंक करून, म्हणजे त्याचे तंतू एकमेकांना घट्ट जोडून, पातळ पारदर्शक चकती बनवली. कातडी मांसाच्या धंद्यातून उरतेच, त्यामुळे कच्चा माल स्वस्त. ही चकती बंद पाकिटात दोन वर्षांपर्यंत ठेवता येते, दान केलेला कॉर्निया मात्र दोन आठवड्यांच्या आत वापरावा लागतो.

इराण आणि भारतात मिळून २० पेशंट होते, सगळे पुढच्या टप्प्यातल्या केराटोकोनसचे, भारतातली ऑपरेशन्स दिल्लीच्या एम्समधली. त्यांनी पेशंटचा कॉर्निया काढला नाही, त्यात एक कप्पा केला आणि छोट्या छेदातून चकती आत सरकवली, टाके नाहीत. पातळ पडलेला कॉर्निया जाड आणि सपाट झाला. सुरुवातीला २० पैकी १४ जण कायद्याच्या व्याख्येने अंध होते, दोन वर्षांनी एकही नव्हता. तीन भारतीय पेशंटची नजर करेक्शनसकट ६/६ झाली. पण हे २० पेशंट आहेत, आणि पायलट स्टडी आहे, एवढ्यावरून उद्या जवळच्या हॉस्पिटलमधे मिळेल असं धरून बसू नकोस.


स्वाती_ब

थँक्यू गं आर्या. म्हणजे मुलासाठी आत्ता तरी सी३आरच.


नेत्रतज्ज्ञ_नाशिक

स्वातीताई, वय १९ आहे तर दुसऱ्या डोळ्याकडे लक्ष ठेवा, दर सहा महिन्यांनी टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराची तपासणी) करा. सी३आरने आजार थांबतो, आकार पूर्ववत होत नाही, त्यामुळे वेळेत करणं हेच खरं. आणि डोळे चोळणं बंद म्हणजे बंद. अॅलर्जी असेल तर तिची औषधं नियमित घ्या, खाज थांबली की चोळणं आपोआप थांबतं. नजर स्क्लेरल लेन्सने खूप सुधारते, निम्म्याहून जास्त मुलांना ऑपरेशनची वेळच येत नाही.


जुना_मेकॅनिक

मला धुण्याची प्रक्रिया समजून घ्यायचीये. पेशी कशा निघतात आणि सगळ्या निघाल्या हे कसं कळतं? आणि कोलॅजनचं नुकसान होत नाही का, मी तर पाहिलंय की साधं लेदर चुकीच्या केमिकलमधे ठेवलं तर कामातून जातं.


आर्या_ह

हा माझा आवडीचा भाग, जरा लांबण लागेल.

कत्तलखान्यातून ताजे डोळे बर्फावर आणतात, त्याच दिवशी कॉर्निया कापून घेतात. आतला एंडोथेलियमचा आणि वरचा एपिथेलियमचा थर खरवडून काढतात. मग पद्धती वेगवेगळ्या. सगळ्यात सर्रास वापरलं जाणारं एसडीएस, म्हणजे शाम्पू-टूथपेस्टमधे असतो त्या जातीचा डिटर्जंट, तो पेशींचं आवरण फोडतो. ट्रायटन एक्स-१०० जरा सौम्य. काही जण खूप खारट पाण्यात ठेवतात, काही गोठवणं-वितळवणं आलटून पालटून करतात, काही प्रचंड दाब देतात, काही फॉस्फोलायपेझ एन्झाइम वापरतात. त्यानंतर डीएनएज देऊन उरलेले डीएनएचे धागे तोडायचे, आणि मग धुणं, धुणं, धुणं, कारण डिटर्जंट आत राहिला तर पुढे राहायला येणाऱ्या पेशी तोच मारतो.

तुमची शंका अगदी बरोबर आहे. एसडीएस जास्त वेळ दिलं की कॉर्निया पाणी पिऊन टम्म फुगतो, दुधट पांढरा होतो, आणि कोलॅजनमधलं अंतर सांभाळणारे ग्लायकोसअमिनोग्लायकॅन निघून जातात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गेलं हे वाया. मग ग्लिसरॉलमधे टाकलं की पाणी बाहेर येतं आणि बघता बघता तो परत पारदर्शक होतो, खाली छापील कागद ठेवला तर अक्षरं वाचता येतात. पण ती पारदर्शकता ग्लिसरॉलची असते. खरी परीक्षा डोळ्यात बसवल्यावर, तिथे पेशंटच्या स्वतःच्या एंडोथेलियमने त्यातलं पाणी उपसायचं असतं. म्हणूनच असा बसवलेला तुकडा (ग्राफ्ट) सुरुवातीला धूसर दिसतो आणि काही आठवडे-महिने घेऊन साफ होत जातो. पेशंटला हे आधी सांगून ठेवावं लागतं.

पेशी निघाल्या का याचे निकष २०११ पासून सगळे साधारण एकच धरतात. कोरड्या वजनाच्या एका मिलिग्रॅममागे डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी, उरलेले तुकडे २०० बेस पेअरपेक्षा लहान, आणि रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर एकही केंद्रक दिसता कामा नये. कॉर्नियासाठी मी त्यात अल्फा-गॅलची तपासणी पण धरेन, कारण डीएनए गेला म्हणजे साखर गेली असं नसतं.


स्टॉकहोमकर

अल्फा-गॅल, डीएनए ठीक, पण मी या विषयाकडे जरा घाबरूनच बघतो. इथे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का वैद्यकीय विद्यापीठात पाओलो माक्कियारिनी या सर्जनचं प्रकरण झालं ते आम्ही रोज बातम्यांत पाहिलंय. २००८ मधे बार्सिलोनात त्याने दान केलेल्या श्वासनलिकेतून पेशी काढून, पेशंटच्या पेशी लावून ती बसवली, जगभर टाळ्या. मग २०११ पासून स्वीडनमधे सरळ प्लास्टिकच्या नलिका बसवल्या, पेशंट गेले, आणि अखेर २०२३ मधे अपिलात त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते की सांगाडा द्या, पेशी आपोआप येऊन राहतील. मग कॉर्नियावर विश्वास का ठेवायचा?


आर्या_ह

हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि या क्षेत्रातल्या प्रत्येकाने त्याचं उत्तर स्वतःशी दिलेलं असायला हवं असं माझं ठाम मत आहे.

श्वासनलिका, हृदय, मूत्रपिंड यांना रक्त लागतं. सांगाडा कितीही सुंदर असला तरी त्यात रक्तवाहिन्या उभ्या राहिपर्यंत आतल्या पेशी जगणार कशा? २००८ मधे मिनेसोटात डोरिस टेलर यांच्या टीमने उंदराचं अख्खं हृदय धुऊन, त्यात नव्या पेशी सोडून ते थोडं धडधडवून दाखवलं होतं, पण आज इतक्या वर्षांनंतरही कुणाच्या छातीत असं हृदय नाही, त्याचं मोठं कारण हेच.

कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतातच. त्याला ऑक्सिजन मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंतून मिळतो आणि अन्न आतल्या पाण्यातून. जाडी अर्धा मिलिमीटर. वरचं एपिथेलियम कडेच्या स्टेम सेल्समधून काही दिवसांत पसरतं. स्ट्रोमातल्या पेशी महिन्यांनी येतात, पण त्या नाही आल्या तरी तोवर तुकडा तग धरतो. शिवाय काय चाललंय ते स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपवर) रोज डोळ्यांनी दिसतं, बिघडलं तर काढून माणसाचा कॉर्निया बसवता येतो. परतीचा रस्ता असलेलं ऑपरेशन आणि नसलेलं ऑपरेशन यात मी फार फरक करते. माक्कियारिनीच्या पेशंटना परतीचा रस्ता नव्हता आणि प्राण्यांवर पुरेसे प्रयोगही आधी झालेले नव्हते.

अवांतर, डुकराचा कॉर्निया माणसाला लावायची कल्पना माणसाचा कॉर्निया माणसाला लावण्याच्या आधीची आहे. न्यूयॉर्कमधे किसम नावाच्या डॉक्टरने १८३८ मधे लावून पाहिला होता, पेशीबिशी काही न काढता, थोड्याच दिवसांत तो पांढरा पडला. माणसाचा यशस्वी कॉर्निया त्यानंतर थेट १९०५ मधे, झिर्म यांनी ऑलोमॉत्समधे केला. तो पेशंट चुन्याने डोळे भाजलेला होता.


नमिता_इचलकरंजी

विषय माहितीपूर्ण आहे पण मनात आलेलं लिहिते. आम्ही जैन. सासूबाईंना वर्षभरापूर्वी हृदयाची झडप बसवली तेव्हा डॉक्टरांनी प्राण्याची की धातूची असं विचारलं तर घरात मोठी चर्चा झाली होती. डोळ्याच्या बाबतीत असं काही आलं तर आधी सांगतात का? कारण पेशी काढल्या तरी जीव घेतलेला आहेच ना.


इरफान_मालेगाव

नमिताताई, आमच्याकडेही हाच प्रश्न येणार, डुकराचं म्हटलं की. मी आमच्या इथल्या एका मौलानांना असाच इन्शुलिनबद्दल विचारलेलं, त्यांचं म्हणणं असं होतं की जिथे दुसरा उपाय नाही आणि नुकसान मोठं आहे तिथे जीव आणि अवयव वाचवणं आधी येतं. पण त्यांनी हेही सांगितलं की दुसरा उपाय असेल तर तो आधी बघा. मला वाटतं डॉक्टरने पेशंटला स्पष्ट सांगावं की हे कशापासून आहे, मग ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. लपवलं आणि नंतर कळलं तर माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही, आणि त्याचं बघून गल्लीतले इतर दहाजणही.


नेत्रतज्ज्ञ_नाशिक

इरफानभाई, पटलं. नमिताताई, प्राणिजन्य इम्प्लांट असेल तर ते सांगणं आणि संमतीपत्रात लिहिणं हे व्हायलाच हवं, आणि सांगितलं नाही तर पेशंटने विचारायला संकोच करू नये. तुमच्या माहितीसाठी, ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून बनतं आणि कित्येक कॅप्सूलचं कवच प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचं असतं. धक्का द्यायचा म्हणून सांगत नाहीये, ज्यांना हे महत्त्वाचं आहे त्यांनी सगळीकडेच विचारावं एवढ्यासाठी.

ज्यांना प्राण्याचं नकोच आहे त्यांच्यासाठीही काम झालेलं आहे. लिंकोपिंगमधेच २०१० साली मे ग्रिफिथ आणि पेर फागरहोम यांनी १० पेशंटवर यीस्टमधे बनवलेल्या मानवी कोलॅजनचा कॉर्निया वापरल्याचं प्रसिद्ध केलं होतं. त्यात प्राणी नाहीच.


दृष्टिदूत_सातारा

मी पंधरा-वीस वर्षं नेत्रदानाचं काम करतोय. रात्री-अपरात्री फोन आला की टीमबरोबर जातो. मला भीती वाटते ती वेगळीच. अशा बातम्या आल्या की लोक मयताच्या घरी म्हणतात, आता तर डुकराचेच बसवतात, मग आमच्या माणसाचे डोळे कशाला काढता. आधीच सहा तासांच्या आत पोचायचं असतं, नातेवाईक दुःखात असतात, एखादा चुलता किंवा मामा विरोध करतो आणि वेळ निघून जाते. आर्याताई, एंडोथेलियमचं लिहिते म्हणाला होतात, ते जरा सोप्या भाषेत लिहा, मला लोकांना सांगता येईल.


आर्या_ह

दादा, लिहिते, आणि तुम्ही हे जसंच्या तसं सांगितलंत तरी चालेल.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूला जिवंत पेशींचा एक थर असतो. तो दिवसरात्र कॉर्नियातलं पाणी उपसत असतो, म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो. माणसात या पेशी मेल्या की नवीन तयार होत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्निया सुजलेले पेशंट, फुक्स नावाच्या आजाराचे पेशंट, पूर्वीचा ग्राफ्ट खराब झालेले पेशंट, यांचा बिघाड या थरात असतो. आणि धुतलेल्या प्राण्याच्या कॉर्नियात हा थर मुळातच नसतो, पेशी काढण्यासाठीच तर तो धुतलेला असतो. त्यामुळे या लोकांना त्याचा शून्य उपयोग. त्यांना ताजा, जिवंत पेशी असलेला, माणसाने दिलेला कॉर्नियाच लागतो. जपानमधे किनोशिता यांच्या टीमने दान केलेल्या कॉर्नियातल्या पेशी लॅबमधे वाढवून इंजेक्शनने डोळ्यात सोडल्या आणि त्याला तिकडे २०२३ मधे मंजुरीही मिळाली, पण लक्षात घ्या, त्या पेशीसुद्धा दान केलेल्या डोळ्यातूनच येतात.

आणि अजून एक. दान मिळालेल्या कॉर्नियांपैकी बरेच एंडोथेलियम पेशी कमी असल्यामुळे दृष्टीसाठी वापरता येत नाहीत. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद, आयआयटी आणि सीसीएमबी यांनी मिळून अशा मानवी कॉर्नियांतून पेशी काढून त्याचं जेल बनवलं आणि त्यातून थ्रीडी प्रिंट केलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला, २०२२ मधे जाहीर केलं. म्हणजे ८० वर्षांच्या आजींचा कॉर्नियासुद्धा उद्या कामाला येईल. वय जास्त आहे म्हणून नको असं कुणी म्हटलं तर हे सांगा.

एक मागणं आहे, घरी गेल्यावर टीम येईपर्यंत काय करायचं ते इथे लिहाल का? लोकांना माहीत नसतं.


दृष्टिदूत_सातारा

लिहितो. पापण्या नीट मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा. पंखा बंद, एसी असेल तर चालू. डोक्याखाली दोन उशा. नेत्रपेढीला लगेच फोन, मृत्यूचा दाखला तयार ठेवायचा. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने होतं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगर होती, तरी चालतं. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, सेप्सिस असेल तर नाही. पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही, हे मी स्वतः उभं राहून दाखवतो.


कोल्हापूरची_लेक

सगळं वाचून काढलं. एक विचारू का, वर चुन्याचा उल्लेख आलाय. आमच्या शेजारच्या छोट्याने तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली आणि फुटून डोळ्यात गेली, कॉर्निया पांढरा झालाय. त्याला असा धुतलेला कॉर्निया चालेल का?


नेत्रतज्ज्ञ_नाशिक

नाही, आणि हे नीट समजून घ्या. चुन्याने कॉर्नियाच्या कडेच्या स्टेम सेल्स जळतात. त्या नसतील तर वर माणसाचा बसवा नाहीतर डुकराचा, एपिथेलियम पसरणारच नाही, रक्तवाहिन्या आत शिरतील आणि पुन्हा पांढरं होईल. त्याला आधी स्टेम सेल्सचं ऑपरेशन लागतं. एकच डोळा गेला असेल तर चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन, त्याचे बारीक तुकडे करून पोटातल्या बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा पडदा असतो त्यावर डोळ्यात लावतात. स्लेट म्हणतात त्याला, आपल्याच देशात हैदराबादला तयार झालेली पद्धत आहे, २०१२ मधे प्रसिद्ध झाली, खर्चही आवाक्यातला. कॉर्निया बदलायचा विचार त्यानंतर.

चुना गेला की तिथल्या तिथे, नळाखाली किंवा तांब्याने, किमान अर्धा तास धुवा, पापणी उलटून चुन्याचे कण काढा, मग दवाखाना. आधी दवाखाना गाठून मग धुतलं तर उशीर झालेला असतो.


जुना_मेकॅनिक

आर्या, भारतात प्राण्यांच्या धुतलेल्या टिश्यूचं काही बाजारात आलंय का, का सगळं चीन-स्वीडनच?


आर्या_ह

आलंय की. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून त्याची मेंब्रेन बनवली, कोलेडर्म नाव, भाजलेल्या आणि मधुमेहाच्या जखमांवर लावायला. २०२३ मधे सीडीएससीओची, म्हणजे केंद्र सरकारच्या औषध नियामकाची, मंजुरी मिळाली. पित्ताशय कत्तलखान्यात टाकूनच देतात, त्याचं हे केलं. जगात पण हे बरंच रुळलंय, डुकराच्या आतड्याचा थर हर्निया आणि जखमांसाठी, आइसलंडमधे तर कॉड माशाची कातडी धुऊन जखमेवर लावतात.

म्हणजे धुणं, निर्जंतुक करणं, डीएनए मोजणं, मंजुरी घेणं, या सगळ्याची वाट आपल्याकडे एकदा चालून झालेली आहे. म्हणूनच मला वाटतं की कॉर्नियाच्या स्ट्रोमासाठी आपण चीनकडे बघत बसायची गरज नाही. आणि ट्रायल करायची तर ती ऊस-भाताच्या पट्ट्यातल्या बुरशीच्या अल्सरवर करावी, जिथे पेशंट आहेत तिथे.


कृष्णाकाठ

अशी ट्रायल सांगली-कोल्हापुरात कधी निघाली तर इथं नक्की टाका ताई. आमच्या तोडणी टोळ्यांना मी यंदा साधे प्लास्टिकचे गॉगल दिलेत, सुरुवातीला घाम येतो म्हणून काढून ठेवायचे, आता आण्णा स्वतः फडावर जाऊन बसतात आणि घालायला लावतात. डॉक्टर साहेब, गॉगलवर धुकं साचतं त्याला काही उपाय?


नेत्रतज्ज्ञ_नाशिक

बाजूला भोकं असलेले गॉगल घ्या, हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगवाल्यांसाठी मिळतात. आतून साबणाचा हलका हात फिरवून कोरड्या कपड्याने पुसा, चार-पाच तास चांगलं राहतं.